पोचला

सायकल चालवणाऱ्याला पाठीला डोळे नसतात, म्हणून आमच्या मंडळानं तोंडाचा उपयोग करायचं ठरवलं होतं. तशी आमच्या मंडळात तोंडाची कमतरता कधीच नव्हती. दर रविवारी सकाळी आम्ही कोल्हापुरातून पन्हाळ्याला जायचो आणि जेवढं घामात गेलं त्याच्या दुप्पट मिसळीच्या कटातून भरून काढून परत यायचो. नियम एकच होता, पण कडक होता. ओळीत सगळ्यात पुढं असेल त्यानं खड्डा, दगड, आडवी आलेली म्हैस, जे दिसेल त्याचा इशारा डाव्या हातानं मागं द्यायचा. दुसऱ्यानं तो तिसऱ्याला द्यायचा. इशारा आपल्यापाशी ठेवायचा नाही. शेवटच्या माणसाला तो मिळाला की त्यानं ओरडायचं, "पोचला!" ते ऐकू आल्यावरच पुढच्यानं हात परत हँडलवर घ्यायचा.

हा नियम शैलजा माणगावेचा. राजारामपुरीत तिचा खेळाच्या जर्सी शिवायचा कारखाना आहे. फुटबॉलच्या हंगामात एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या दोन पेठांच्या जर्सी तिच्याकडं एकाच दोरीवर शेजारी शेजारी वाळत असतात, आणि दोन्हीकडच्या पोरांना ती सारख्याच शिव्या घालते. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तीही ‘मी येतो, मी जातो’ अशीच बोलते. सायकलवर ती कायम सगळ्यात पुढं. मी विभावरी, अभियांत्रिकी महाविद्यालयात उपकरणशास्त्र शिकवते, आणि कायम सगळ्यात मागं. त्यामुळं ‘पोचला’ ओरडायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. मंडळात माझ्या पायांपेक्षा माझ्या गळ्याला जास्त मान होता.

आमच्या या जोडीतूनच ती जर्सी तयार झाली.

आपण हात हलवतो तेव्हा मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो आणि स्नायूत अगदी क्षीण वीज उमटते. कातडीवर धातू टेकवला तर ती मोजता येते. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढतात, तो याच जातीचा. माझ्या प्रयोगशाळेत आम्ही चांदीचा मुलामा दिलेला धागा बनवला होता. तो अंगाला चिकटून राहील अशा कपड्यात शिवला, तर धावताना, खेळताना कुठला स्नायू कधी आवळला आणि कधी सैल पडला, याची पूर्ण नोंद मिळणार होती. आम्हाला एवढंच माहीत नव्हतं की माणसाचं बोट हलवणारा स्नायू बोटात नसतो, मनगट आणि कोपर यांच्या मधे असतो, आणि तिथली बाही घामानं सरकते. ही अडचण शैलजानं शिवणीत सोडवली. आम्ही दोघी मिळून मानेपासून मांड्यांपर्यंत एकसंध जर्सी केली, आणि ती आधी आपणच घालून बघायची असं ठरलं.

पुढची पायरी माझ्या प्रयोगशाळेतली. नोंद उलटी फिरवायची. ज्या ठिकाणी वीज मोजली, त्याच ठिकाणी दुसऱ्या माणसाच्या अंगावर पट्टे बांधून तेवढीच हलकी वीज द्यायची, म्हणजे त्याचे स्नायू त्याच क्रमानं आवळतात. डोळ्यांपुढं पडद्यावर रस्ता असतो, सायकलच्या हँडलवरच्या छोट्या कॅमेऱ्यानं टिपलेला. मेंदू बिचारा भोळा. आपलं अंग काय करतंय हे तो स्नायूंनाच विचारतो, आणि स्नायू सांगतील त्यावर विश्वास ठेवतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला थोड्या वेळानं खरोखरच वाटायला लागतं की मी सायकल चालवतोय. कोल्हापुरात या यंत्राला कुणी त्याच्या लांबलचक नावानं ओळखत नाही. सगळे नुसतं ‘खुर्ची’ म्हणतात. त्यात बसल्यावर सायकल अंगात येते, असंही म्हणतात.

त्या रविवारी बाकीची मंडळी वर दुसरी प्लेट मागवत होती. शैलजाला एका संघाच्या जर्सी द्यायच्या होत्या, म्हणून आम्ही दोघी आधी निघालो. दोघींच्या अंगात ती नवी जर्सी होती. ऊसतोडीचे दिवस होते. वाघबीळच्या खालच्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत वर येत होता, आणि त्याच्यामागं एका मोटारीचा धीर सुटला. हल्लीच्या मोटारी समोर काही आलं की आपण होऊन ब्रेक लावतात, हे खरं आहे. पण आपल्या रस्त्यावर म्हशी, माणसं, वराती, सगळंच त्यांना अडथळा वाटतं, त्या सारख्या थांबतात, म्हणून घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात लोक ती सोय बंद करून टाकतात. या गाडीतही ती बंद होती. ट्रॅक्टरला मागं टाकायला ती वळणावरच आमच्या बाजूला आली.

मला यातलं काहीच दिसलं नव्हतं, मी वळणाच्या अलीकडं होते. मला दिसला फक्त शैलजाचा डावा हात. खाली, मागं, आणि तळवा डावीकडं झाडल्यासारखा. रस्ता सोड. हात दिसला की वळायचं, ही इतक्या वर्षांची सवय. मी विचार न करता सायकल मातीत घातली आणि घाणेरीच्या झुडपात जाऊन पडले. तेवढ्यात तो आवाज आला. ‘पोचला’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

गाडीवाला पळून गेला नाही. आईला जोतिबाला घेऊन निघालेला साधा माणूस होता, रस्त्यावर बसून आमच्यापेक्षा जास्त रडत होता. त्यानंच शैलजाला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात आणलं.

शैलजाचं खुब्याचं हाड मोडलं होतं, गळ्याचं मोडलं होतं, आणि धडकेच्या आसपासची आठवण पुसली गेली होती. मिसळ खाल्लेली आठवत होती, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. तिचा नवरा भरत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. शांत माणूस. मुलांनी व्हॅनमध्ये कितीही गोंधळ घातला तरी आवाज चढवत नाही. त्या दिवशी मात्र त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिच्या उशाशी उभा राहून म्हणाला, "हे बग शैला. परत सायकलीवर बसलीस तर मी व्हॅनची चावी पंचगंगेत टाकतो. दोघं मिळून घरात बसू."

"अहो, काय बोलताय?" फाटलेल्या ओठानं ती हसायला गेली आणि कळवळली. "मुलं शाळेला कशी जाणार?"

"चालत जातील. तूपण चालत जा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून तिनं शब्द दिला. हिंडाफिरायला लागल्यावर तिनं दुरुस्त होऊन आलेली सायकल पुसली आणि कारखान्यात छताच्या हुकाला टांगली, जर्सींच्या दोरीच्या वर. दर रविवारी सकाळी ती काठी टेकत कोपऱ्यापर्यंत यायची आणि आम्हाला निघताना बघायची. तोंड चालूच असायचं. कुणाची साखळी ढिली, कुणाचं पोट सुटलंय, कुणी हेल्मेटचा पट्टा बांधला नाही. आम्ही निघून गेल्यावरही ती बराच वेळ तिथंच उभी असते, असं समोरच्या चहावाल्यानं मला सांगितलं. मला त्यानंतर तिच्या कोपऱ्यावरून जाणं जड व्हायला लागलं.

मधल्या काळात खुर्ची आमच्या हातातून सुटून सरकारच्या हातात गेली होती. फलक लावून झाले होते, दंड करून झाले होते, शाळकरी मुलांकडून रस्त्यावर गुलाबाची फुलं वाटून झाली होती, तरी सायकलवाले मरतच होते. मग राज्यानं ठरवलं की गाडीचा परवाना नवा काढायचा असो की जुना वाढवून घ्यायचा असो, प्रत्येकानं एकदा खुर्चीत बसायचं आणि एखाद्या सायकलवाल्याला धडक बसण्याआधीचे क्षण आपल्या अंगावर घ्यायचे. धडक नाही. नोंद त्याच्या आधीच थांबते. वेदना कुणालाच द्यायची नाही, हे आम्ही पहिल्यापासून लिहून घेतलं होतं. यासाठी खऱ्या नोंदी हव्या होत्या. आणि आपल्या देशात जर्सी घालून फिरणारे सायकलवाले थोडे असले, तरी त्यांना ठोकणारे थोडे नव्हते. नोंदी गोळा झाल्या. शैलजाचीही गेली.

ती नोंद परत आली. पुण्याहून, नोंदी तपासणाऱ्या सरकारी समितीचे डॉ. बर्वे ती स्वतः घेऊन आले. त्यांनी माझ्या टेबलावर आलेख पसरला आणि शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"बाकी सगळ्या नोंदींत शेवटच्या क्षणी दोन्ही हात ब्रेकवर आवळले जातात. इथं उजवा आवळलाय. डाव्या हाताची बोटं मिटणाऱ्या स्नायूची रेघ बघा. सपाट. धागा तुटलाय. नोंद सुंदर आहे, पण एवढ्यासाठी फुकट जाईल. माझं म्हणणं, डावा हात आपण इतरांच्या सरासरीनं भरून काढू."

मला ते पटलं. तिनं तेव्हा इशारा दिला होता हे मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यात तो आधीच, नेहमीच्या खड्ड्याबिड्ड्यासाठी दिलेला होता, आणि गाडी त्यानंतर आली होती. शिवाय एवढ्या धडपडीत धागा तुटणं काही जगावेगळं नाही. मी संध्याकाळी शैलजाला सहज सांगायला गेले.

ती उठून उभी राहिली. काठीशिवाय.

"कुणाचा टाका तुटलाय?"

"अगं, धागा..."

"धागा तुझा. टाका माझा. पेठेतल्या पोरांनी ओढून ओढून जर्सीची लक्तरं केली, पण माझी शिवण उसवली असं एकानं म्हणावं! अपघात झाला तो झाला, ते मी सोसतो. हे सोसणार नाही." तिनं कपाटाच्या तळातून पिशवी काढली आणि ती जर्सी माझ्यापुढं आपटली. दवाखान्यात कात्रीनं पुढून उभी कापलेली, एका बाजूनं फाटलेली. डावी बाही मात्र अखंड होती. "मोज. आत्ता मोज. तुझं ते पी पी करणारं आण."

मी गाडीतून मीटर आणला. धाग्याच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. मीटर वाजला. बाही पिळली, ताणली, टाक्यावर अंगठा दाबला. मीटर वाजतच राहिला. शैलजा विजयानं माझ्याकडं बघत होती, आणि मी मीटरकडं. मग मला ते आठवलं जे मी दर वर्षी मुलांना शिकवते. तुटलेल्या तारेची रेघ सपाट नसते. तुटलेली तार आसपासच्या विजेची सगळी खरखर गोळा करते, तिची रेघ थरथरते. ही रेघ शांत होती. हा धागा नीट काम करत होता आणि खरं तेच सांगत होता. तिच्या डाव्या हाताची बोटं त्या क्षणी मिटलेली नव्हती.

"काय गं विभे? काय बघालीस?"

"उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बर्वेंच्या समोर मी खुर्चीत बसले. तिची नोंद, जशी होती तशी.

आधी उतार होता. मांड्या सैल, खांदे मोकळे. इतकी मजेत सायकल मी जन्मात चालवली नव्हती. शैलजाला सायकल चालवताना असं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. मग पडद्यावर ट्रॅक्टर, आणि त्याच्या आडून गाडी. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर आवळली. डावा खांदा झुकला, हँडल डावीकडं वळायला लागलं, अंग मातीच्या दिशेनं निघालंही. ती वाचत होती. तिच्या अंगाला ते कळलं होतं, म्हणून माझ्याही अंगाला कळलं.

आणि डाव्या हाताची बोटं उघडली.

मी ती उघडली नाहीत. माझ्या मनात असतं तर मी ती मरेपर्यंत सोडली नसती. झुकलेला खांदा परत सरळ झाला, कारण एका हातानं वळता येत नाही, तोल जातो. डावा हात खाली गेला, मागं गेला, आणि तळवा डावीकडं झाडला गेला. उजव्या हातात फक्त पुढचा ब्रेक, चाक घसरायला लागलेलं. तशात तिची मान किंचित मागं कलली आणि श्वास थांबला. छातीचे सगळे स्नायू धरून ठेवलेले.

नोंद तिथं संपली. पडदा काळा झाला आणि माझा श्वास काही सुटेना. बर्वे घाबरून पुढं आले. "काय झालं? मॅडम? कशाची वाट बघताय?"

ती माझी वाट बघत होती. माझ्या आवाजाची. त्या क्षणी, तशा अवस्थेत, ती कान देऊन ऐकत होती की मागं पोचला का.

"पोचला!" मी त्या बंद प्रयोगशाळेत जिवाच्या आकांतानं ओरडले, तेव्हा कुठं छाती मोकळी झाली. मग मी खूप रडले. बर्वे स्वतः खुर्चीत बसले. उठल्यावर ते बराच वेळ आपला डावा हात उलटासुलटा करून बघत होते. "यातलं काहीही कापायचं नाही," ते म्हणाले. "सरासरीचं मी बोललोच नव्हतो, असं समजा."

संध्याकाळी मी शैलजाला सगळं सांगायला गेले. ती एका जर्सीला कॉलर लावत होती. मशीन थांबवून तिनं ऐकून घेतलं.

"मग काय करायचं होतं?" ती म्हणाली. "तू मागं होतीस की."

"शैलजा, तू वाचली असतीस. वळली होतीस तू."

"आणि तू? वळणावरनं तशीच गाडीच्या तोंडात आली असतीस, आरामात, डुलत डुलत." ती हसली, मग तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "तू ओरडलीस का नाहीस पण?"

"वेळच नव्हता गं."

"बरं. एक ‘पोचला’ राहिलाय तुझ्याकडं, ध्यानात ठेव." तिनं परत मशीन सुरू केलं, परत थांबवलं. "नोंद द्यायची तर सगळी द्यायची. हातासकट. आणि ह्यांना यातलं काही सांगू नकोस. तुझ्या दारात येऊन बसतील भांडायला, आणि माझी सायकल कायमची हुकालाच राहील."

मी तिला शूर वगैरे म्हणायला गेले असते तर तिनं मला कात्री फेकून मारली असती. म्हणून ते इथं लिहिते. मी आजवर जेवढी माणसं बघितली त्यात इतकी मोठी मला दुसरी दिसलेली नाही.

तिची नोंद सगळ्यात स्वच्छ होती, म्हणून कोल्हापूर विभागात तीच लावायचं ठरलं. नाव कुठंही नव्हतं. खुर्चीचं केंद्र आमच्याच कॉलेजात होतं. आणि पहिल्या काही आठवड्यांतच आम्हाला कधी सुचलंही नव्हतं असं काहीतरी घडायला लागलं.

आमचा अंदाज होता की माणसं घाबरतील आणि सावकाश चालवतील. ती घाबरली, पण ते थोडे दिवस टिकलं. टिकलं ते दुसरंच. आपण एखादी गोष्ट डोक्यानं शिकतो ती विसरतो, पण अंगानं शिकलेलं पोहणं विसरत नाही. खुर्चीत माणसाचं अंग शिकत होतं. शैलजाची ती उघडणारी बोटं लोकांच्या हातात राहून गेली. गुळाचा एक व्यापारी मला सांगायला आला की वळणावर सायकल दिसली की त्याचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर उचलला जातो आणि हात खिडकीबाहेर जाऊन मागच्या गाडीला थांब म्हणतो. "मॅडम, मी कुणासाठी हात बाहेर काढत न्हाई, पान थुंकायचं सोडून," तो म्हणाला. "हे काय केलंय तुम्ही?" गाडीत खिडकी उजवीकडं, म्हणून हात उजवा, एवढाच काय तो बदल. एसटीचे चालक करायला लागले, दुधाचे टेम्पोवाले करायला लागले.

दुसरी गोष्ट त्या थांबलेल्या श्वासाची. प्रत्येकाचा तो तसाच अडकायचा. प्रत्येक जण उठून हेच विचारायचा, की मी कशाची वाट बघत होतो? म्हणून नोंद संपली की खुर्ची चालवणाऱ्यानं मोठ्यानं ‘पोचला’ म्हणायचं आणि तो कुणी, कधी ओरडायचा तेही सांगायचं, असा नियमच मी केंद्राला घालून दिला. लोकांना तो शब्द आवडला. महिन्याभरात पेठेतली पोरं फुटबॉलचा पास मिळाला तरी ‘पोचला’ ओरडायला लागली.

हे सगळं चाललं होतं आणि शैलजाची सायकल हुकालाच होती. भरतच्या परवान्याची मुदत संपत आली होती. तो आज येतो उद्या येतो करत टाळत होता. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात अखेर आला. नेमकी मीच केंद्रावर होते.

"ताई," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "लोक वाघबीळच्या वळणाचं सांगतात, कुणाची लावतात ते मला ठाऊक हाय. दुसऱ्या कुणाची तरी लावा."

"लावते," मी म्हणाले. तशी सोय असते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच झालं. मी पट्टे बांधले, पुण्याच्या एका पोस्टमनची नोंद काढली.

"थांबा." त्यानं डोळे मिटले. "नको. तिचीच लावा."

मी लावली. शेजारी उभी राहून मी त्याचे हात बघत होते. दोन्ही मुठी आवळल्या. खांदा झुकला. डावा हात एकदम थरथरायला लागला, आजवर कुणाचा थरथरला नव्हता तसा, आणि मग बोटं उघडली. हात मागं गेला. श्वास थांबला. आता मी ‘पोचला’ म्हणायचं होतं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मग त्यानंच हळूच म्हटलं, "पोचला," आणि डोळे उघडले.

"तिनं ब्रेक सोडला," तो म्हणाला.

"हो."

"तुमच्यासाठी."

"हो."

आता तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. पण तो आपल्या हाताकडं बघत होता. मूठ मिटत होता, उघडत होता.

"खरं सांगतो ताई. तिची बोटं उघडायला लागली तेव्हा मी जोर लावून मिटायला बगत होतो. वाचव म्हटलं स्वतःला, खुळे. न्हाई मिटली." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "इतकी वर्सं एका घरात राहतोय. ही बाई मला ठाऊकच न्हवती."

मी पट्टे सोडले. दारापर्यंत जाऊन तो वळला. "तिच्या सायकलीत हवा हाय का?"

"टांगून ठेवलीय इतके दिवस, कुठली असणार?"

"मग पंप द्या तुमचा," तो म्हणाला.

ऊसतोड परत सुरू झाली तेव्हा शैलजाचा खुबा पन्हाळ्याला तयार झाला होता. भरतची एक अट होती, मागून व्हॅन घेऊन तो येणार. तिनं आदल्या दिवशी त्यावरून बरंच तोंड सोडलं. "वरात काढताय काय माझी? मागं मागं गाडी!" पण रविवारी सकाळी ती सगळ्यात पुढं होती, मी मंडळात सगळ्यात मागं, आणि माझ्या मागं रिकामी व्हॅन. चढावर ती दोनदा उतरली, शिव्या देत परत बसली. वर मिसळ खाल्ली. बाकीच्यांनी दुसरी प्लेट मागवली आणि आम्ही उतरायला लागलो, मागं व्हॅन. आम्ही दोघीच आधी का निघालो ते मला कळलं होतं, तिला ते वळण त्या रविवारसारखंच परत घ्यायचं होतं.

वाघबीळच्या खालच्या वळणाशी तिचा वेग कमी झाला. मीही ब्रेक दाबला. वळणाच्या पलीकडं तिला काय दिसलं ते मला दिसत नव्हतं. नंतर कळलं, एका ट्रॉलीतून उसाच्या मोळ्या सुटून रस्ताभर पसरल्या होत्या आणि दोन बायका त्या उचलत होत्या. मला दिसला तिचा डावा हात. उघडला, खाली आला, मागं आला, आणि तळवा डावीकडं झाडला गेला.

मी मातीच्या कडेला झाले आणि माझा हात मागं दिला. सवयीनं ओरडायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की आज मी शेवटची नाही.

मी मागं वळून बघितलं. भरतचा हात व्हॅनच्या खिडकीतून बाहेर आला होता, वर खाली होत होता, सावकाश, सावकाश. त्याच्यामागं दुधाचा टेम्पो होता. त्याच्या खिडकीतूनही हात बाहेर आला. टेम्पोमागं एक लांबडी काळी गाडी, काचा बंद. काच खाली झाली, बांगड्या घातलेला एक हात बाहेर आला. त्यामागं एसटी, चालकाचा खाकी बाहीतला हात. त्यामागंही गाड्या होत्या, रस्ता वर चढत दुसऱ्या वळणाआड जात होता तिथपर्यंत, आणि एकाही गाडीचा भोंगा वाजला नव्हता. कोल्हापुरात. वळणापाशी शेवटची जी गाडी दिसत होती, तिच्या खिडकीतही हात होता.

शैलजा पुढं एका हातानं सायकल धरून हळूहळू चालली होती. डावा हात अजून खालीच. मान किंचित मागं कललेली. तिला मागचं काही दिसत नव्हतं, ती ऐकत होती.

मग वरच्या वळणापलीकडून कुणीतरी ओरडलं. कोण होतं ते मला कधीच कळणार नाही. शब्द नीट ऐकू आला नाही, पण एसटीच्या चालकानं तो उचलला, काळ्या गाडीतल्या बाईनं उचलला, टेम्पोवाल्यानं उचलला, आणि मग भरतचा, कधीच न चढणारा आवाज माझ्या पाठीवर येऊन आदळला. "ताई, पोचला!"

"पोचला!" मी ओरडले. इतक्या जोरात की घाणेरीतले पक्षी उडाले. "शैलजा, पोचला गं! पोचला!"

शैलजानं ते ऐकलं आणि डावा हात परत ब्रेकवर ठेवला.